प्रेरणा कुणाच्या बापाची?

काळ्या घोड्याला प्रदर्शन भरतं. थंडगार हॉल. भिंतीवर आमची झोपडपट्टी, आमची पाणी भरणारी बाई, आमचा गटारात उतरलेला माणूस. कुणीतरी विचारतं, "आपली प्रेरणा काय?" चित्रकारसाहेब डोळे मिटून म्हणतात, "दुःख."

कुणाचं दुःख? तेवढं सांगत नाहीत. चित्राखाली लिहिलेलं असतं, 'निळ्यातली स्त्री', तैलरंग, किंमत अमुक. बाईला नाव नाही. चित्राला आहे, चित्रकाराला आहे, विकत घेणाऱ्यालाही आहे. फक्त जिच्या हाडामांसावर हे सगळं उभं राहिलं ती बिननावाची. कलाशाळेतही तेच. रोजंदारीवर आणलेल्या म्हातारीला पाटावर बसवायचं, तासन्‌तास हलू द्यायचं नाही आणि कागदावर लिहायचं 'बसलेली वृद्धा'. वेठबिगार काय फक्त शेतातच असते काय?

म्हणून आम्ही म्हणतो, चित्र नका दाखवू, वही दाखवा. पक्कं चित्र गुळगुळीत करता येतं. कच्ची वही सगळं ओकते. तुम्ही कुठं बसलात, किती वेळ बसलात, समोरच्या माणसाशी चार शब्द बोललात की गाडीच्या काचेतून फोटो मारून पळालात, सगळं तिच्यात दिसतं.

एका माणसाची वही आम्ही मानतो. चित्तप्रसाद. १९१५ साली नैहाटीला बामणाच्या घरात जन्मला. जातीचा निषेध म्हणून भट्टाचार्य हे आडनाव टाकून दिलं. नोव्हेंबर १९४३ मध्ये हा माणूस मेदिनीपूर जिल्ह्यात फिरला. आदल्या ऑक्टोबरात तिथं वादळानं गावंच्या गावं झोपवली होती. जपानी येतील म्हणून इंग्रजांनी १९४२ मध्येच किनाऱ्याकडच्या लोकांच्या होड्या काढून घेतल्या होत्या. तांदूळ साठेबाजांच्या कोठारात आणि भाव आभाळात. त्या दुष्काळानं बंगालात तीसेक लाख माणसं खाल्ली. कोण मेली? ज्यांच्याकडं जमीन नव्हती ती. शेतमजूर, कोळी, नावाडी. जमीनदार नाही मेला. पावसानं मारलं असतं तर सगळ्यांनाच मारलं असतं. यांना व्यवस्थेनं मारलं.

चित्तप्रसादचा स्टुडिओ म्हणजे तो रस्ता. साहित्य म्हणजे काळी शाई आणि कागद. रंग कशाला हवेत? भुकेल्या माणसाच्या बरगड्या मोजायला काळं पुरतं. आणि ऐका, काळाघोडेवाल्यांनो! त्यानं माणसांची नावं लिहून ठेवली. हा कोण, कुठल्या गावचा, याचं काय झालं. त्याच्या कागदावर मढं पडलेलं आहे, पण ते 'मानवी वेदना' नावाचं मढं नाही. तो क्षेत्रमोहन नाईक आहे. त्याला नाव आहे, म्हणून त्याच्या मरणाचा जाब मागता येतो. वेदनेचा जाब कुणाला मागणार?

या २२ चित्रांचं 'हंग्री बेंगॉल' हे पुस्तक निघालं. सरकारनं ५००० प्रती जप्त करून नष्ट केल्या. निसर्गचित्रांच्या प्रती कुठलं सरकार जाळतं का, सांगा! एक प्रत घरच्यांनी जपली, म्हणून २०११ मध्ये ते जसंच्या तसं पुन्हा छापता आलं.

मग हा माणूस मुंबईत आला. अंधेरीला राहिला, गरिबीतच राहिला. पुढं पक्षापासून लांब गेला, पण वही सोडली नाही. लिनोलियमचा तुकडा, कोरायचं हत्यार, शाई. एक ठसा कोरला की पाहिजे तितके कागद दाबून काढा. एकाच शेटच्या दिवाणखान्यात अडकायला नको. काम करून पोट भरणाऱ्या पोरांवर त्यानं अख्खी मालिका कोरली, 'परीकथेविना देवदूत'. १९७८ मध्ये कलकत्त्यात गेला. जिवंतपणी त्याच्या दाराशी गॅलऱ्यांची रांग लागली नव्हती. मेल्यावर बरी आठवण झाली.

आता हिशोब नीट करू. आम्ही कुणाची आरती करत नाही. चित्तप्रसादनं आडनाव टाकलं, टाकता आलं. आमच्या पोरानं आडनाव टाकलं तरी घरमालक गाव विचारतो, गाव सांगितलं तर गल्ली विचारतो. आणि कितीही झालं तरी वही त्याच्या हातात होती. क्षेत्रमोहनच्या हातात नव्हती. इथून पुढचं काम कुणा दयाळू माणसाचं नाही. ते आपलं आहे.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये पेशवाईतल्या पुण्याचं लिहून ठेवलं, अस्पृश्याच्या गळ्यात मडकं, कमरेला झाडू. नागपूरच्या सावी सावरकरनं ते मडकं आणि तो झाडू कागदावर, कॅनव्हासवर आणला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्याच्या रेषेला कुणी ओबडधोबड म्हणो. गळ्यात मडकं असलेला माणूस रेखीव कसा दिसेल? इथं 'प्रेरणा' म्हणून बाहेरून काही आणावं लागत नाही. ती आज्याच्या गळ्यात लटकत होती.

आणि दोस्तहो, आपल्याच वस्तीतला बोर्ड रंगवणारा पेंटर आठवा. एवढासा फोटो, त्यावर चौकोन पाडायचे, भिंतीवर तेवढेच मोठे चौकोन पाडायचे आणि ऑइलपेंटच्या डब्यातून जयंतीच्या आत बाबासाहेब उभे करायचे. फूटपाथ हाच त्याचा स्टुडिओ. त्याला कुठल्या समीक्षकानं कलावंत म्हटलं? फ्लेक्स आला आणि त्याच्या हातातला ब्रश गेला. आपणही गप्प बसलो. फ्लेक्सवर बाबासाहेबांपेक्षा पुढाऱ्याचं थोबाड मोठं छापलं, तरी गप्प बसलो. ही आपली शरम. ती दुसऱ्याच्या नावावर टाकू नका.

म्हणून कलाशाळेत गेलेल्या आपल्या पोरापोरींना सांगणं आहे. तिथं तुम्हाला शिकवतील, जात स्टुडिओच्या बाहेर ठेवून या. त्यांची जात मात्र आत इझलवर बसलेली असते, तिला कोण उठवणार? काढा. आईचे हात काढा, नाक्यावर कामाची वाट बघणारा काढा. कागदाच्या खाली नाव लिहा, गाव लिहा, तारीख लिहा. ठसे काढा, भिंतीला चिकटवा, दोन पैशांना वाटा. आणि ज्याला काढलंत त्याला आधी दाखवा. तो म्हणाला, "हा मी नाही," तर फाडा आणि पुन्हा बसा.

उद्या कुणी विचारलं, प्रेरणा काय? तर डोळे मिटू नका. वही उघडा आणि नावं वाचून दाखवा.