कागद नव्हे, प्लॅस्टिक!

टोमॅटो, मिरची व कलिंगड यांच्या गादीवाफ्यांवरील आच्छादनास शेतकरी बंधू ‘मल्चिंग पेपर’ म्हणतात. वस्तुतः तो कागद नव्हे, पॉलिथिन होय. कागद कुजून मातीत मिसळतो; पॉलिथिनचे उन्हाने केवळ तुकडे होतात. नांगरटीत गाडले गेलेले हे तुकडे वर्षानुवर्षे जमिनीत राहून मुळांच्या व पाण्याच्या वाटेत अडथळा आणतात. बांधावर जाळल्यास विषारी धूर होतो.

आच्छादनाने पाणी वाचते व तण आटोक्यात राहते, हे आम्हीच गावोगाव सांगितले. ते काढण्याविषयी सांगण्यात मात्र आम्ही कमी पडलो, हे कबूल केले पाहिजे.

पीक संपताच आच्छादन गुंडाळून काढावे. २५ मायक्रॉनचा पातळ थर उशीर केल्यास धड हाती येत नाही. माती झटकून, वाळवून, ठिबकच्या जुन्या नळ्यांपासून तो वेगळा बांधावा. मातीने माखलेल्या मालास पुनर्वापरासाठी किंमत येत नाही. एकट्याचा भारा उचलण्यास सहसा कोणी येत नाही. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी साऱ्या गावचा माल एके ठिकाणी जमवून भंगार व्यापाऱ्यास बोलवावे.

जेथे अंथरण्याचे प्रात्यक्षिक झाले, तेथे काढण्याचेही झालेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.