दुपारच्या खेळाचा हिशोब

सिनेमाच्या सालाचा हिशोब मांडायचा म्हटलं, की पेपरात कोटींचे आकडे येतात. कुणी शंभर कोटी केले, कुणी पाचशे. मैत्रिणींनो, आज आपण जरा वेगळा हिशोब मांडू या. मी काही समीक्षक नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा सिनेमा, तोही जोडीला कुणी असेल तर, एवढीच माझी मजल. पण २०२३ हे सालच असं होतं, की आपल्यासारख्या अधूनमधून टॉकीजला जाणाऱ्या बायकांनीही मागे वळून त्याच्याकडे बघायला हवं. कारण त्या सालात आपण काय करू शकतो ते दिसलं, आणि आपण कुठे कमी पडतो तेही.

सिनेमाच्या धंद्यात एक पक्का समज होता. टॉकीजला येतात ती तरुण मुलं, बायका घरी बसून मालिका बघतात. मग ३० जून २०२३ला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला. त्यात ना मोठा हिरो, ना मारामारी. सहा बहिणी, त्यांच्यातले जुने रुसवेफुगवे, एकीच्या दारात उभा राहिलेला घटस्फोट, आणि मंगळागौरीची स्पर्धा. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते या सत्तरीतल्या अभिनेत्री त्यात आघाडीवर. असा सिनेमा कोण बघणार?

कोण म्हणजे? आपणच बघितला की! नऊवारी नेसून, नथ घालून, भिशीच्या भिशी टॉकीजला गेल्या. श्रावण लागायच्या आधीच गावोगाव मंगळागौर सुरू झाली म्हणा ना. (त्यात त्या वर्षी श्रावणही अधिक होता.) सिनेमा संपल्यावर बायका तिथेच फुगड्या घालत होत्या. दुपारचे खेळ हाऊसफुल्ल होऊ लागले. सिनेमाने सत्तर कोटींच्या वर धंदा केला आणि मराठीत २०१६च्या ‘सैराट’नंतर त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. बाई तिकीट काढते, आणि एकटी येत नाही, दहा जणींना घेऊन येते, हे धंद्यातल्या लोकांना तेव्हा कळलं.

हिंदीतही गंमत होती. २८ जुलैला आलेल्या ‘रॉकी और रानी की प्रेम कहानी’त आपली क्षिती जोग होती. गाण्याची हौस असलेली, पण सासूच्या धाकाने मन मारून राहिलेली सून. एवढा झगमगाट, एवढी गाणी, पण घरी येताना डोक्यात राहिली ती हीच सून. ७ सप्टेंबरच्या ‘जवान’मध्ये शाहरुख खानच्या बरोबरीने लढणाऱ्या तुरुंगातल्या सहा जणी होत्या, त्यात कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याची लेकही होती. ऑक्टोबरच्या ‘ट्वेल्थ फेल’मधली आजी आठवते? पेन्शनचे साठवलेले पैसे नातवाच्या हातात ठेवणारी. असली आजी तर आपल्या प्रत्येकीच्या घरात होऊन गेलेली असते.

आता हिशोबाची दुसरी बाजू. २४ नोव्हेंबरला हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा २’ आला. क्षिती जोग त्यात काम करणारीही आणि निर्मातीही. सुहास जोशींनी केलेल्या इंदूताईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस, पुन्हा सहल, आणि निर्मिती सावंत-रिंकू राजगुरू ही सासूसुनेची जोडी. आठवड्याभरात, १ डिसेंबरला, ‘अ‍ॅनिमल’ लागला. तीन तास एकवीस मिनिटांचा. एका पडद्याच्या टॉकीजमध्ये एवढा लांबलचक सिनेमा शिरला, की बाकीच्यांना जागा कुठली उरायला? आमच्याकडे ‘झिम्मा २’चा दुपारचा खेळ गेला तो गेलाच. “पुढच्या आठवड्यात जाऊ,” म्हणणाऱ्या किती तरी जणी राहून गेल्या.

‘अ‍ॅनिमल’ने देशात पाचशे कोटींच्या वर कमावले. त्यातला नायक एका बाईला प्रेम सिद्ध करायला आपला बूट चाटायला सांगतो. राज्यसभेत खासदार रंजीत रंजन यांनी या सिनेमाचा विषय काढला, आपली मुलगी तो बघताना रडत बाहेर पडली असं सांगितलं. दुसऱ्या बाजूने “सिनेमाच तर आहे, एवढं काय मनावर घ्यायचं,” असंही म्हणणारे होते, आणि त्यांत बायकाही होत्या. असू देत. कुणी काय बघावं हे आपण सांगणारे कोण? पण एक गोष्ट आईच्या काळजाला लागते. टॉकीजच्या दारात ‘केवळ प्रौढांसाठी’ची पाटी होती. जानेवारी २०२४मध्ये तोच सिनेमा नेटफ्लिक्सवर आला, म्हणजे पोरांच्या मोबाईलवर. तिथे दारावर उभं कोण राहणार? बायकोशी कसं वागायचं हे आपला मुलगा नेमकं कुठून शिकतोय, हे विचारायची वेळ घराघरात आली.

मग कोटींचा हिशोब कसा लागतो? सोपं आहे. सिनेमाचं नशीब पहिल्या तीन-चार दिवसांत ठरतं. शुक्रवारी-शनिवारी गर्दी झाली तर खेळ वाढतात, नाही तर सोमवारपासून कमी होतात. मुलगे शुक्रवारी जातात. आपण? आधी स्वयंपाक, मग मुलांची परीक्षा, मग पाहुणे, मग “ह्यांना विचारते.” आपला मुहूर्त लागेपर्यंत सिनेमा गेलेला असतो. ‘बाईपण’ला आपण गेलो, कारण त्याला सणाचं निमित्त मिळालं. मंगळागौर म्हटल्यावर घरातून कुणी नाही म्हटलं नाही. पण त्याच वर्षी १३ जानेवारीला आलेला परेश मोकाशींचा ‘वाळवी’ किती जणींनी टॉकीजमध्ये बघितला? बायकोच्या खुनाचा बेत आखणाऱ्या नवऱ्याची अशी फजिती, की हसून पोट दुखावं. त्याला पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्यात ना सण होता, ना नऊवारी. मग घरात सांगणार काय?

खरी गोम इथेच आहे बघा. तीन तास स्वतःसाठी काढायला आपल्याला अजून निमित्त लागतं. देवदर्शन चालतं, लग्न चालतं, हळदीकुंकू चालतं. नुसतं “मला सिनेमा बघायचाय” हे मात्र जड जातं. तिकिटाचे पैसे एक वेळ जुळतात. १३ ऑक्टोबर २०२३ला राष्ट्रीय चित्रपट दिनाचं तिकीट तर ९९ रुपये होतं. पण ते तीन तास कुठून आणायचे?

२०२३ने एवढं नक्की दाखवलं, की आपण गेलो तर पडद्यावर आपण दिसतो. नाही गेलो, तर ती जागा दुसरं कुणी तरी भरतं, आणि मग तेच घरातल्या मोबाईलवर येऊन बसतं. तेव्हा भिशीतल्या मैत्रिणींनो, पुढच्या वेळी एखादा सिनेमा आपल्यासारखीचा वाटला, तर सणाची वाट बघू नका. पहिल्याच शुक्रवारी टॉकीजला फोन करा आणि विचारा, “दुपारचा खेळ आहे का?” दहा जणींनी विचारलं, तर नसलेला खेळही लागेल. भाजीचं संध्याकाळी बघू.