ब्लॅक कीज आणि 'विकले गेल्या'चा आरोप

'द ब्लॅक कीज' या अमेरिकन बँडविषयी जाणकार म्हणवणाऱ्या श्रोत्यांचे एक वाक्य ठरलेले असते: सुरुवातीचे तीन अल्बम खरे, पुढचा सगळा व्यापार. २००६ साली हा बँड 'फॅट पॉसम' ही छोटी कंपनी सोडून वॉर्नर समूहातल्या 'ननसच'कडे गेला, म्हणजे विकला गेला, असा एकूण युक्तिवाद. 'स्वतंत्र' हे विशेषण येथे संगीताचे वर्णन करीत नाही; ते चारित्र्याचा दाखला म्हणून वापरले जाते. लघुअनियतकालिकांचा इतिहास शिकलेल्या आपल्या वाचकाला ही भाषा अनोळखी वाटू नये. पण 'कोसला' १९६३ साली देशमुख आणि कंपनीसारख्या प्रस्थापित प्रकाशन संस्थेने काढली म्हणून तिचे बंड पातळ झाले, असे कोणी शहाणा म्हणत नाही. मग गिटार आणि ड्रमच्या बाबतीतच हा सोवळेपणा का?

मुळात त्या आरंभीच्या 'शुद्ध' काळाकडे पाहू. डॅन ऑरबाख (गिटार व गायन) आणि पॅट्रिक कार्नी (ड्रम) यांनी २००१ साली ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन येथे हा बँड सुरू केला. अ‍ॅक्रन हे टायरच्या कारखान्यांवर उभे राहिलेले आणि ते बंद पडत गेल्यावर ओस पडत गेलेले शहर. २००३ चा 'थिकफ्रीकनेस' कार्नीच्या घराच्या तळघरात, सुमारे चौदा तासांच्या एकाच बैठकीत ध्वनिमुद्रित झाला. २००४ चा 'रबर फॅक्टरी' नावाप्रमाणेच एका बंद टायर कारखान्यात झाला. या प्रसंगांची आता पुराणकथा झाली आहे. वास्तविक तळघर फुकट होते आणि बंद कारखाना स्वस्त होता, एवढाच त्याचा अर्थ. त्या खरखरीत आवाजात सौंदर्य आहे, हे मान्यच. पण ते गरिबीचे पुण्य नव्हे. हाताशी असलेल्या साधनांतून दोन जाणत्या कानांनी काढलेला तो आवाज आहे.

आता छोट्या कंपनीच्या निरागसतेविषयी. १९९१ साली मिसिसिपीतल्या ऑक्सफर्ड येथे निघालेल्या फॅट पॉसमने मोलाचे काम केले, यात वाद नाही. ज्युनियर किंब्रोचा 'ऑल नाइट लाँग' तिने १९९२ साली काढला, तेव्हा किंब्रो बासष्ट वर्षांचा होता. तोवर त्याच्या नावावर थोडी किरकोळ ध्वनिमुद्रणेच होती. परंतु याच कंपनीने आपल्या वृद्ध कृष्णवर्णीय कलावंतांची विक्री कशी केली तेही पाहावे. रांगडे, दारूबाज, तुरुंग पाहून आलेले म्हातारे, ही प्रतिमा तिने हौसेने जोपासली. ती घेणारा ग्राहक बहुतांशी गोरा आणि तरुण होता. आर. एल. बर्नसाइडच्या १९९८ च्या 'कम ऑन इन'मध्ये त्याच ग्राहकासाठी त्याच्या गाण्यांना इलेक्ट्रॉनिक ठेके जोडले गेले. अस्सलपणा ही या छोट्या दुकानातली मुख्य वस्तू होती. ब्लॅक कीजचे भक्त ज्याला बाजाराबाहेरची जागा समजतात, तो बाजारच होता. फक्त गल्ली अरुंद होती.

खरा प्रश्न ऋणाचा आहे. उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांमधला हा ब्लूज नेहमीच्या बारा मात्रागटांच्या चौकटीत फारसा बसत नाही. एकाच स्वरसंगतीवर घोटाळत, तोच तुकडा पुन्हा पुन्हा घोळवत तो पुढे सरकतो. जात्यावरच्या ओवीत घरघर थांबत नाही आणि शब्द तिच्यावर तरंगतात, काहीसे तसे. किंब्रो आपल्या नाचगाण्याच्या अड्ड्यावर हे तासन् तास वाजवी. लोक नाचत असत. ऐकणारे आणि वाजवणारे यांत फार अंतर नसे. १९९८ मध्ये किंब्रो गेला, २००० मध्ये तो अड्डा जळाला, आणि पुढच्या वर्षी अ‍ॅक्रनच्या दोन गोऱ्या पोरांनी बँड काढला. फॅट पॉसम सोडताना त्यांनी किंब्रोच्याच गाण्यांचा 'चुलाहोमा' (२००६) काढला. त्याच्या शेवटी किंब्रोच्या पत्नीने फोनवर ठेवलेला कौतुकाचा निरोप आहे. तो निरोप हृद्य आहे, पण मला तो खटकतोही. विधवेने दिलेला वारसाहक्काचा दाखला असा अल्बमला जोडला की टीकाकाराचे तोंड आपोआप बंद होते. सोवळ्या श्रोत्यांनी खरे तर येथे हरकत घ्यायला हवी होती; ते मात्र कंपनीचे नाव तपासत बसले.

मोठ्या कंपनीत गेल्यावरचे वर्तन काय सांगते? २०११ चा 'एल कमिनो' प्रकाशित झाला तेव्हा या दोघांनी तो स्पॉटिफायवर येऊ दिला नाही. २०१२ मध्ये, आपली गाणी परवानगीविना जाहिरातींत वापरल्याचा आरोप करून, त्यांनी पिझ्झा हट आणि होम डेपो यांच्यावर दावे लावले. उलट 'शुद्ध' काळात मेयोनेजच्या जाहिरातीची मोठी रक्कम त्यांनी नाकारली होती, ती श्रोते विकले गेल्याचा शिक्का मारतील या धास्तीने. हे त्यांनीच पुढे मुलाखतींत सांगितले आहे. धास्तीने दिलेला नकार स्वतंत्र, आणि आपल्या हक्कासाठी कोर्टात जाणे व्यापारी? ही वाटणी कोणत्या तर्काने होते?

'एल कमिनो'वर आक्षेप घेता येतो, आणि मी घेतो; पण तो रूपाविषयीचा आहे. डेंजर माउस या निर्मात्याबरोबर लिहिलेली ती गाणी इतकी घट्ट आवळलेली आहेत की टेकड्यांमधल्या ब्लूजचा सैल, लांबत जाणारा काळ त्यांत श्वास घेऊ शकत नाही. दर मिनिटाला धृपद येऊन दार वाजवते. त्या अल्बमला ग्रॅमी मिळाले म्हणून तो वाईट ठरत नाही, आणि छोट्या कंपनीने काढला असता तर बरा ठरला असता असेही नाही.

आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी 'डेल्टा क्रीम' (२०२१) ऐकावा. त्यात बर्नसाइडबरोबर वर्षानुवर्षे वाजवणारा केनी ब्राउन आणि किंब्रोच्या साथीला बसलेला एरिक डीटन आहेत. दोन दुपारींत, सुमारे दहा तासांत, जुनीच गाणी वाजवली आहेत. काळ पुन्हा सैल झाला आहे, गाणी घाईने संपत नाहीत. २००२ च्या पहिल्या अल्बमपेक्षा हा किंब्रोच्या कितीतरी जवळ आहे. प्रकाशक: ननसच.