दहा सेंटांचे भागीदार

भाद्रपद जवळ आला, की आमच्या मंडळाची मुले पावतीपुस्तके घेऊन दारोदार हिंडू लागतात. वर्गणी हाती पडली, की पावतीवर मोठ्या ऐटीत सही करतात. त्या पैशांचे पुढे काय होते, हे मात्र त्यांतले क्वचितच कोणी विचारते. यंदा ती लगबग पाहताना आम्हांस एका जहाजाची आठवण झाली. तेही मुलांच्या वर्गणीतूनच उभे राहिले होते.

अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था मराठी माणसाला अपरिचित नाही. तिचे पाद्री १८१३ साली मुंबईत उतरले. तिच्याच मुंबईच्या छापखान्यात गणपत कृष्णाजींनी मुद्रणाचे धडे घेतले आणि १८४२ साली अहमदनगरास तिचेच ‘ज्ञानोदय’ निघाले. याच संस्थेची माणसे १८५२ पासून पॅसिफिक महासागरातील मायक्रोनेशियाच्या बेटांवर जाऊन राहिली होती. तेथे ना वेळेवर टपाल पोहोचे, ना शिधा. देवमाशांच्या शिकारीस निघालेले एखादे गलबत वाटेत थांबले, तरच जगाची वार्ता कळे. तेव्हा स्वतःचे जहाज हवे, असे ठरले आणि १८५६ साली अमेरिकेतील रविवारच्या शाळांतल्या मुलांना आवाहन करण्यात आले: दहा सेंट द्या आणि जहाजाचे भागीदार व्हा. भाग घेणाऱ्या मुलास छापील प्रमाणपत्र मिळे. त्याच वर्षी ‘मॉर्निंग स्टार’, म्हणजे प्रभाततारा, हे दोन डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज पाण्यात उतरले.

२ डिसेंबर १८५६ रोजी जहाजाने बोस्टन सोडले. पनामाचा कालवा तेव्हा नव्हता. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून ते एप्रिल १८५७ मध्ये होनोलुलूस पोहोचले. जहाजावर हायरम बिंगम हे तरुण पाद्री व त्यांच्या पत्नी क्लारा होत्या. बिंगमांचा जन्म हवाईतलाच. त्यांचे वडील तेथे गेलेल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी एक. नोव्हेंबरात हे दांपत्य गिल्बर्ट बेटांपैकी अबाइआंग येथे उतरले. कानोआ हे हवाईचे रहिवासी मिशनरीही त्यांच्या सोबतीस होते.

ही बेटे प्रवाळाची, समुद्रापासून जेमतेम काही हात उंच. नारळ, मासळी, केवड्याच्या जातीच्या झाडाची फळे आणि खोल खड्डे खणून गोड्या पाण्याच्या ओलीवर जोपासलेले अळूच्या कुळातले कंद, यांवर तेथील माणसांचा निर्वाह चाले. भाषा होती, गाणी होती, वंशावळी तोंडपाठ होत्या. लिपी मात्र नव्हती. बिंगमांनी रोमन लिपीतली मोजकी अक्षरे घेऊन ती भाषा कागदावर आणली. पुढे जहाजाने एक लहान छापखाना आणला, पण तो चालवायचा कोणी? योगायोग असा, की जहाज बुडाल्याने होडीतून भरकटत आलेल्या काही माणसांत एक मुद्रक निघाला, आणि खिळे जुळू लागले. बिंगमांनी पुढे दुसऱ्या ‘मॉर्निंग स्टार’चे कप्तानपदही सांभाळले. प्रकृती ढासळल्यामुळे १८७५ साली त्यांना बेटे सोडावी लागली, तरी लेखणी थांबली नाही. १८९० मध्ये संपूर्ण बायबलचा अनुवाद पुरा झाला. त्यांचा कोश १९०८ साली, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, निघाला.

इथवरची कथा मुलांना सांगण्याजोगी आहे, आणि ती सांगितलीही गेली. पण हिशेबवहीला दुसरे पानही असते. गोऱ्यांच्या गलबतांबरोबर रोग आले. १८५४ साली एका शिकारी जहाजाने पोनपेई बेटावर देवी आणल्या आणि निम्मी वस्ती दगावली. तेथे मिशनऱ्यांनी देवीची लस टोचून अनेकांचे प्राण वाचवले, हे नमूद केले पाहिजे. मात्र जेथे जेथे त्यांचा शब्द चालू लागला, तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची नृत्ये पाप ठरली. सर्वांत दारुण प्रकार तबितेउएआ बेटावर घडला. हवाईहून आलेल्या कापू व नालिमू या धर्मप्रचारकांच्या नेतृत्वाखाली उत्तरेकडील नवख्रिस्ती १८८० च्या सुमारास दक्षिणेकडील लोकांवर चालून गेले आणि शेकडो माणसे कापली गेली. ज्या मुलांनी खाऊचे पैसे दिले, त्यांनी हे मागितले नव्हते. ज्यांनी मागितले, त्यांनाही हे अभिप्रेत नव्हते. पण दिलेला पैसा आणि सोडलेले जहाज एकदा दूर गेले, की देणाऱ्याची सदिच्छा त्याच्यासोबत सुकाणूवर बसत नाही.

दुसरे ‘मॉर्निंग स्टार’ १८६९ साली आणि तिसरे १८८४ साली कोस्राए बेटापाशी बुडाले. चौथ्याला शिडांच्या जोडीला वाफेचे यंत्र आले. आज त्या जहाजांची कोणास आठवण नाही. गिल्बर्ट बेटे मात्र १९७९ पासून स्वतंत्र देश आहेत. देशाचे नाव ‘किरिबाती’ असे लिहितात आणि ‘किरिबास’ असे उच्चारतात. बिंगमांच्या अक्षरांत ‘स’ला स्वतंत्र जागा नव्हती, हे त्याचे कारण. ‘गिल्बर्ट्स’ या परक्या नावाला बेटांच्या जिभेने आपले वळण दिले आणि परक्याच्याच लिपीत ते आपले म्हणून लिहून ठेवले. स्वतःच्या प्रांताबाहेर चार पिढ्या भाषा सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना यातले मर्म सहज उमगावे.

यंदा मुले वर्गणीस आली, तेव्हा आम्ही पावती घेतली आणि गेल्या वर्षीचा जमाखर्च विचारला. मुले गोंधळली. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांतली दोघे वही घेऊन परत आली, आणि जमा व खर्च यांत पडलेला सव्वाशे रुपयांचा फरक त्यांनीच आम्हांस दाखवला.