यकृताचा शेरा, हृदयाला इशारा



जालना एमआयडीसीत लोखंडी सळयांचे कारखाने व बियाण्यांचे उद्योग वाढले, त्यासोबत व्यापारही विस्तारला आणि दिवसभर गादीवर वा खुर्चीत बसून राहणेही. अशा घरांत पोटाच्या सोनोग्राफीवर ‘फॅटी लिव्हर’ हा शेरा आला, की प्रश्न ठरलेला : “आम्ही मद्याला स्पर्शही करीत नाही, मग यकृत का बिघडावे?”

मद्य हे यकृतविकाराचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. वाढलेला कंबरेचा घेर, मधुमेह, उच्च रक्तदाब, रक्तातील अधिक ट्रायग्लिसराइड व कमी एचडीएल यांच्याशी यकृतातील मेदाचे निकटचे नाते आहे. म्हणूनच २०२३ मध्ये जागतिक तज्ज्ञांनी या विकाराचे नाव बदलून ते चयापचयाशी जोडले. केंद्र शासनानेही २०२१ मध्ये तो असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला.

मेदाने भरलेले यकृत रक्तात अधिक साखर व चरबी सोडते. त्यातून रक्तवाहिन्या कठीण होतात. परिणामी या रुग्णांत मृत्यूचे प्रमुख कारण यकृत नसून हृदयविकार असतो. एका खात्यातील थकबाकी दिसताच दक्ष अधिकारी त्या कर्जदाराची इतर खातीही तपासतो. येथेही तोच न्याय लावावा. रक्तदाब, एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल व कंबरेचा घेर पाहावा. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटीमीटरहून अधिक घेर धोक्याचा मानतात. यकृत किती कडक झाले, याचा प्राथमिक अंदाज वय, एसजीओटी, एसजीपीटी व प्लेटलेट यांवरून डॉक्टर बांधू शकतात.

एक चूक मात्र महागात पडते : एसजीपीटी किंचित वाढलेले पाहून कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे. फॅटी लिव्हरमध्ये ही गोळी सामान्यतः सुरक्षित असते आणि हृदयाचे रक्षण करते. सिरॉसिस बळावला असेल, तर निर्णय वेगळा होऊ शकतो. तो डॉक्टरांनीच घ्यावा.

उपाय आपल्या हाती आहे. ८० किलो वजनाच्या व्यक्तीने ६ ते ८ किलो हळूहळू घटविले, तर यकृताची सूज उतरू शकते. रोज अर्धा तास झपझप चालावे. मिठाई, फरसाण व गोड चहा आवरावा. उपवासाचे पारणे तळलेल्या पदार्थांनी सोडू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

दुकानाचा हिशेब आपण दिवाळीला न चुकता मांडतो. त्याच सुमारास या चार तपासण्यांची नोंदही वर्षाला एकदा व्हावी.