रमजानात येऊ नका म्हणे!

मार्च 2024मध्ये मोरोक्कोला जायचं ठरवलं तेव्हा पहिला सल्ला एका टूरवाल्याने दिला, "मॅडम, महिनाभर पुढे ढकला." दुसरा घरच्या ग्रुपवरून आला. रमजान आहे, सगळं बंद असतं, दुपारी पाणीसुद्धा पिऊ देत नाहीत. सल्ला देणाऱ्यांपैकी मोरोक्कोला कोणीच गेलेलं नव्हतं. इंटरनेटवरही बहुतेक ठिकाणी हेच लिहिलेलं असतं, फक्त जरा सभ्य भाषेत.

हा सल्ला मला पटत नाही. तो देशाला हॉटेल समजतो. या महिन्यात सर्व्हिस जरा स्लो आहे, तेव्हा बुकिंग पुढच्या महिन्यात करा! तिथे माणसं राहतात, त्यांचंही एक वर्ष असतं, त्या वर्षात एक महिना सगळ्यात मोठा असतो, हे या हिशोबात कुठेच नाही. वारीत पुण्याचे रस्ते बंद होतात म्हणून कोणी परदेशी पाहुण्यांना 'आषाढात महाराष्ट्र टाळा' असं सांगितलं, तर आपण त्याला कुठल्या शब्दांत उत्तर देऊ?

मी गेले. रमजानासाठी मोरोक्को घड्याळाचा काटा एक तास मागे घेतो. 2018पासून तिथे वर्षभर ग्रीनिचच्या एक तास पुढची वेळ चालते, ती फक्त या महिन्यापुरती मागे येते, म्हणजे रोजा सोडायची वेळ घड्याळात लवकर होते. अख्खा देश उपासासाठी घड्याळ बदलतो, हे मला कुठल्याही राजवाड्यापेक्षा बघण्यासारखं वाटलं. दुपारी फेसच्या जुन्या शहरातल्या गल्ल्या अर्ध्या झोपेत असतात. सूर्यास्ताच्या आधी एकच धांदल, टॅक्सीवाले पिसाटल्यासारखे घराकडे सुटतात, आणि मग भोंगा. त्यानंतर वीस मिनिटं रस्त्यावर मांजरं सोडून कोणी नाही. सगळं शहर एकाच वेळी हरीराच्या वाडग्यावर वाकलेलं. हरीरा म्हणजे टोमॅटो, मसूर, छोले घालून केलेलं दाट सूप. सोबत खजूर, उकडलेली अंडी, आणि तळून मधात बुडवलेली, तीळ लावलेली शबाकिया. हे वीस मिनिटांचं रिकामं शहर एप्रिलच्या मध्यावर गेले असते तर दिसलंच नसतं, कारण रमजान तेव्हा संपलेला असता.

उपाशी मात्र राहिले नाही. मी उतरले होते त्या घरातल्या स्वयंपाकीणबाई रोजा धरून माझ्यासाठी दुपारचं ताजीन शिजवायच्या. एकदा त्यांनी चमचा घेऊन हाक मारली. मीठ बघता येत नव्हतं ना त्यांना! मी चाखून मान हलवली, त्यांनी अजून चिमूटभर टाकलं. तेव्हापासून रोज दुपारी मीठ बघायचं काम माझ्याकडे.

इथपर्यंतची गोष्ट सांगून थांबता येतं. पुष्कळजण थांबतात, त्याची रील करतात, खाली 'किती सहिष्णु लोक!' लिहितात. माझं खरं भांडण या रीलवाल्यांशी आहे. 'टाळा' म्हणणारा निदान घरी तरी बसतो.

मोरोक्कोच्या दंडसंहितेत 222 क्रमांकाचं कलम आहे. मुस्लिम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने रमजानात सार्वजनिक जागी, धर्माला मान्य असलेल्या कारणाशिवाय, उघडपणे रोजा मोडला तर त्याला एक ते सहा महिने तुरुंगवास आणि दंड. 'ओळखल्या जाणाऱ्या' हे शब्द पुन्हा वाचा. तुमची श्रद्धा आहे का, हे तुम्हाला विचारायचंच नाही. ओळखणार दुसरे. कशावरून? नावावरून आणि तोंडवळ्यावरून, आणखी कशावरून असणार?

माझं नाव आणि तोंडवळा वेगळा, म्हणून मला मुभा. कॅफेत बसून सँडविच खाल्लं तर कायदा माझ्या वाटेला जात नाही. शेजारच्या टेबलावर माझ्याच वयाची, माझ्याइतकीच नास्तिक मोरोक्कन मुलगी बसली असती, तर त्याच सँडविचसाठी तिला पोलीस ठाणं. सप्टेंबर 2009मध्ये 'माली' नावाच्या गटातल्या मूठभर तरुणांनी मुहम्मदिया गावाजवळ दिवसाढवळ्या सहल काढून खायचं ठरवलं होतं. याच कलमाविरुद्ध त्यांचा निषेध होता. पोलीस आधीच येऊन उभे होते. घासही पोटात गेला नाही, चौकशी मात्र मागे लागली.

तेव्हा मला कोणी अडवलं नाही, यावरून देश सहिष्णु ठरत नाही. पाहुण्याला मोकळीक देणं सोपं असतं. तो दहा दिवसांत जातो, जाताना पैसे ठेवून जातो. घरातल्या माणसाला मोकळीक देणं अवघड.

आता ग्रुपवरचे काका लगेच म्हणतील, "बघा! त्यांच्या देशात असंच असतं." काका, जरा थांबा. 2015मध्ये मीरा-भाईंदर महापालिकेने पर्युषणासाठी मांसविक्रीवर बंदी घातली होती. 2025च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवलीत मटणाची दुकानं बंद ठेवायचा आदेश निघाला होता. बंद दुकान आणि तुरुंग एक नव्हे, हे मान्य. पण एकाच्या श्रद्धेसाठी दुसऱ्याच्या ताटात सरकारने हात घालायचा, ही खोड दोन्हीकडची एकच. आणि 222ला विरोध करणारे मोरोक्कनच आहेत, त्यांना ठाण्यात बसवणारेही मोरोक्कनच. 'ते लोक' असा एकगठ्ठा जिन्नस तिथे मला भेटला नाही.

मग मी रस्त्यात खाल्लं का? नाही. आजी एकादशी करायची तेव्हा मी तिच्यासमोर ऑम्लेट खायचे नाही. ती मला प्रिय होती, एवढंच कारण. त्या दारात पोलीस उभा केला असता, तर मी मुद्दाम तिथेच स्टोव्ह पेटवला असता. स्वयंपाकीणबाईंसमोर मी पाण्याची बाटली तोंडाला लावली नाही ती याच हिशोबाने. स्वतःहून पाळलेला संकोच आणि कलमाने पाळायला लावलेला संकोच बाहेरून अगदी सारखे दिसतात. म्हणूनच पर्यटकाला रस्त्यावरची शांतता बघून काही कळत नाही. त्या शांततेत मनापासून रोजा धरणारे खूप असतात, आणि कुलूप लावलेल्या दारामागे बिस्किटं खाणारेही असतात. दोघांचा फोटो एकच येतो.

2030च्या जून-जुलैमध्ये मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगाल मिळून फुटबॉलचा विश्वचषक भरवणार आहेत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे 2030मध्ये तो दोनदा लागेल, जानेवारीत आणि डिसेंबरच्या शेवटी. सामने बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दुपारच्या जेवणाची चिंता नको. टूरवाले तेव्हा कोणालाच महिना पुढे ढकलायला सांगणार नाहीत. त्या दोन्ही रमजानांत कॅफेतल्या त्या मुलीला सँडविच मिळेल का, हे कुठल्याच इटिनररीत नसेल.