चादर हात लावून घ्यावी

वार्षिकांकासाठी चादरीवर लिहिते आहे असे सांगितले तेव्हा मैत्रिणी हसल्या. विद्यार्थ्याने लिहायचे ते बेकारीवर, हुंड्यावर, नाहीतर पहिल्या पावसावर, असा आपल्याकडे एक अलिखित नियमच आहे. परंतु माणसाचे जवळजवळ एक तृतीयांश आयुष्य अंथरुणावर जाते, आणि आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा जिल्हा म्हणून महाराष्ट्रभर ओळखला जातो. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे एक विचित्र चित्र दिसते. कापूस पेरणाऱ्या, निंदणाऱ्या, वेचणाऱ्या घरांतली आम्ही मुले रात्री पाठ टेकतो ती पॉलिएस्टरवर. वाचकांनी आज घरी गेल्यावर आपल्या पलंगावरची चादर चिमटीत धरून पाहावी, एवढीच माझी विनंती आहे.

फरक नुसता नावाचा नाही. कापसाचा तंतू हवेतला ओलावा धरून ठेवतो. सर्वसाधारण हवेत त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी त्यात असते. पॉलिएस्टरमध्ये ते अर्धा टक्काही नसते, कारण तो पेट्रोलियमपासून काढलेला धागा आहे आणि पाण्याशी त्याचे जमत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या वर चढतो, रात्री वीज जाते, आणि घाम पाठ व चादर यांच्यामध्ये तसाच राहतो. मग आपण उकाड्याला दोष देतो, चादरीचे नावही घेत नाही. आज जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टरच आहे, म्हणून हा प्रश्न एकट्या यवतमाळचा नव्हे. पण आपल्याला तो जास्त लागावा असे मला वाटते.

गेल्या वर्षी प्रवेश झाल्यावर वसतिगृहात न्यायला चादर घ्यावी म्हणून मी आणि माय यवतमाळच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने प्लास्टिकच्या पिशवीतली, फुलाफुलांची, चकचकीत चादर पुढे टाकली. वर ‘ग्लेस कॉटन’ असे लिहिले होते. (नावात कॉटन आहे म्हणून कापूस असेलच असे नाही, या नावाखाली बाजारात बहुतेक वेळा पॉलिएस्टरच मिळते.) माय म्हणाली, “हात लावून पाहू द्या न भाऊ.” त्यावर उत्तर आले, “मावशी, पॅकिंग फुटते.” मायने हात मागे घेतला.

हीच माय डोळे मिटून बोटांनी सांगते की हा पहिल्या वेच्याचा कापूस, हा फरदडीचा, यात कवडी मिसळली आहे, हा दवात वेचला आहे. एवढे शिकलेले बोट दुकानात गेल्यावर मुके का होते? आणि उलट बाजू पाहा. बाजार समितीत आमची गाडी उभी राहिली की व्यापारी कोपरापर्यंत हात आत घालतो, तळातला मूठभर कापूस उपसतो, दाबतो, ओढून धागा पाहतो आणि मग भाव बोलतो. सीसीआयच्या खरेदीत आठ टक्के ओलावा प्रमाण धरतात, बारापर्यंत पैसे कापतात, त्यापुढे माल घेतच नाहीत. आमचा माल तपासण्याचा त्यांचा हक्क मला मान्य आहे. ज्या ओलाव्यापायी आमचे पैसे कापले जातात, तो ओढून घेण्याचा गुण चादरीत आहे की नाही, हे तपासण्याचा आमचाही हक्क मग मान्य व्हायला हवा. विकताना आपण उघडे आणि घेताना माल झाकलेला, हा व्यवहार बरोबरीचा नाही. पिशवी उघडत नसेल तर दुकान बदलावे.

उघडल्यावर काय पाहायचे? कोपरा मुठीत घट्ट चुरगाळून दहा आकडे मोजावेत. सुती कापडावर सुरकुत्या राहतात, पॉलिएस्टर उसळून सरळ होते. मिश्र कापड मधल्यामध्ये असते आणि तिथेच जास्त फसगत होते. घरी आणल्यावर काठाचा एक धागा काढून जाळावा. कापूस कागदासारखा वास देत जळतो व हलकी राख उरते. पॉलिएस्टर वितळते आणि कडक मणी होतो. नवी चादर हाताला कडक व भरीव लागली तर हुरळून जाऊ नये, ती खळ असते, दोन धुण्यांत निघून जाते. उजेडासमोर धरून वीण पाहावी. एक धागा वर, एक खाली अशी साधी वीण थोडी खरखरीत पण थंड व टिकाऊ असते. साटिनच्या विणीत बरेचसे धागे पृष्ठभागावर मोकळे राहतात, म्हणून ती गुळगुळीत लागते, चमकते आणि बांगडीत अडकून लवकर निघते. आपल्या उन्हाळ्याला साधी वीणच बरी, असे माझे मत आहे.

हल्ली पाकिटावर धाग्यांची संख्या छापतात. एका चौरस इंचातले उभे व आडवे धागे मोजून ती काढतात. साध्या विणीत दोनशे-तीनशे पुष्कळ झाली. हजाराचा आकडा दिसला तर एकाच धाग्यातले पदर सुटे सुटे मोजले असावेत, हे ओळखावे. सोलापुरी चादर नावाजलेली आहे, तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण ती पांघरायची वस्तू. तिची उठावाची नक्षी पाठीखाली नको वाटते.

आपला कापूस बाहेर जाण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला इंग्लंडमध्ये मोठी मागणी आली. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही शकुंतला रेल्वे टाकली गेली तीही कापूस वाहण्यासाठीच. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपूरला सुरू केलेली एम्प्रेस मिल आता उरली नाही, आणि १९७२ ची एकाधिकार खरेदी योजनाही इतिहासजमा झाली. गाठी बाहेर जातात आणि कापड होऊन परत येतात. मी एक हिशेब मांडून पाहिला. क्विंटलभर कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते. सूतकताईतली घट वजा केली तरी त्यात पलंगाच्या चाळीसएक मोठ्या चादरी व्हाव्यात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे एका चादरीत सरकीसकट फार तर दोनशे रुपयांचा कापूस. दुकानातली किंमत वाचकांना ठाऊक आहेच. मधल्या कामाचे पैसे लागतात हे मी अर्थशास्त्राच्या तासाला शिकले आहे. तरीही कापूस पिकवणाऱ्याच्या घरीच सुती चादर महाग वाटावी, याचे उत्तर त्या तासाला मिळाले नाही.

आता दुसरी बाजू. पॉलिएस्टर घेणारी बाई अडाणी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. ओली सुती चादर पिळताना मनगट भरून येते, पावसाळ्यात ती दोन दिवस वाळत नाही. हापशावरून पाणी आणून धुणे करणाऱ्या बाईला हलके, लवकर वाळणारे, स्वस्त कापड बरे वाटणारच. तिने ते समजून घ्यावे. फक्त कापूस म्हणून तिच्या गळ्यात मारू नये.

आमच्या वसतिगृहात काही मुली घरची वाकळ आणतात आणि कुणी आले की तिच्यावर चकचकीत चादर ओढतात. वास्तविक आजीच्या जुन्या लुगड्यांच्या वाकळेइतके मऊ काही नसते, कारण शेकडो धुण्यांनी सूत नरमते. तेवढी वर्षे वाट पाहायची नसेल तर तागा उलगडून दाखवणाऱ्या दुकानातून मांजरपाट मीटरवर घ्यावा. तिथे बोटांना कुणी अडवत नाही. पहिली तीन-चार धुणी तो टोचतो, मग बसतो. आटतो, म्हणून आधी भिजवून मगच शिवावा. पन्हा लहान असल्यामुळे दोन पट्टे जोडावे लागतात आणि शिवण मधोमध पाठीखाली येते. माय त्यावर एक पट्टा अखंड मध्ये घेते आणि दुसरा उभा फाडून त्याचे दोन भाग दोन्ही कडांना जोडते. एकाच्या दोन शिवणी होतात. पण दोरा तो किती लागणार?